तळ्याचं दुसरं लग्न

१ एप्रिल

आर्थिक वर्ष सुरू, म्हणून वहीही सुरू. यामिनीनं चहा देताना आज एप्रिल फूल असल्याची आठवण करून दिली. मी हसलो नाही. संस्था चालवणाऱ्या माणसाचं वर्ष याच दिवशी सुरू होतं, हे माझ्या बायकोला नऊ वर्षांत कळलेलं नाही.

काल वार्षिक सभा झाली. मी चौसष्ट स्लाइड दाखवल्या. आमचे अध्यक्ष अच्युतराव, वय एक्क्याऐंशी, सिंचन खात्यातून रिटायर, शेवटपर्यंत जागे होते. मग म्हणाले, जयंत, छान. पण आपल्या या भूमी-वारसा न्यासानं नऊ वर्षांत वाचवलं काय? मी स्लाइड क्रमांक चौदा पुन्हा लावली. ते म्हणाले, ती पाहिली, वाचवलं काय? वय झालं की माणूस तेच तेच विचारतो.

शेवटी ठराव झाला. येत्या मार्चपर्यंत एक तळं, एक गायरान, एक पडकं देऊळ, काहीही चालेल, पण एक जागा सरकारी कागदावर वाचलेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर फील्डचं सगळं काम सरिताकडे, आणि मी पत्रव्यवहार बघायचा.

सरिताकडे! ती माझ्या हाताखालची कार्यकर्ती, रायपूरला लागून असलेल्या बीरगांवची. वडील लहानूजी भंडाऱ्याहून इथल्या प्लांटमध्ये सुतारकामाला आले आणि इथलेच झाले. पोरगी मेहनती आहे, पण व्हिजन नाही. गावात जाते, बायांजवळ बसते, ऐकते, परत येते. याला काय काम म्हणायचं?

संकल्प. यंदा एकच काम, पण पूर्ण. (गेल्या वर्षी सतरा तलाव 'चिन्हित' केले. म्हणजे फोटो काढले.) सरितावर चिडायचं नाही. रोज पहाटे साडेपाचला फिरायला जायचं.

२ एप्रिल

साडेपाचचा अलार्म व्यवस्थित वाजतो. एवढं तपासून झालं.

९ एप्रिल

जागा ठरली. सूचना सरिताची, निवड माझी.

सिलतराच्या पुढे सेमरापारा नावाचं गाव आहे. गावाबाहेर 'जुन्ना तरिया', म्हणजे जुनं तळं, सात एकर. यंदा तिथं जमिनीची नवी मोजणी आहे. जुन्या नोंदवहीत या जागेपुढचा शब्द नेमका वाळवीनं खाल्लाय. एका ट्रान्सपोर्टवाल्याला ट्रक उभे करायला जागा हवी आहे, आणि ही पडीत जमीन आहे असा त्याचा अर्ज पडलाय. मोजणीत 'तलाव' लिहिलं गेलं तर तळं राहील. 'पडीत' लिहिलं गेलं तर त्यात मुरूम पडेल.

गावातल्या महिला गटाची पुढारी रमा. ती सरिताला म्हणाली की दीदी, आम्हाला बेंच नको, फवारा नको, बोर्ड नको. कागदावर तलाव लिहवून द्या, बस.

इतक्या सोप्या मागणीतून प्रपोजल कसं काढायचं, हाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

१६ एप्रिल, दुपारी १

साइट व्हिजिट. बाहेर त्रेचाळीस डिग्री. गाडी काठावर लावून, एसी सुरू ठेवून, अकरा मिनिटं सखोल निरीक्षण केलं. तळ्यावर एकही माणूस नाही. एक म्हैस. मधोमध चिखलात एक वाकडा लाकडी खांब. एका बाजूला थोडं पाणी. वापर शून्य.

सरिता म्हणाली, सर, या टायमाले कोण येईन? सकाळी सहाले या, मंग पाहा. मी तिला समजावलं की तटस्थ निरीक्षकानं आधी लोकांना भेटायचं नसतं, त्यानं मन दूषित होतं. ती म्हशीकडे बघू लागली. पटलं असावं.

१८ एप्रिल

जागतिक वारसा दिन. प्रमुख पाहुणे आले नाहीत. मी स्वतःच प्रमुख पाहुणा झालो आणि स्वतःचे आभार मानले. पन्नास मिनिटं बोललो. यामिनी म्हणते की पहिल्या वीस मिनिटांनंतर समोर फक्त मांडववाला होता, आणि तो खुर्च्या नेण्यासाठी थांबला होता. तिला गर्दीची सवय आहे, दर्जाची नाही.

२३ एप्रिल

अहवाल लिहून झाला. हात असा चालत होता की विचारू नका. मुख्य वाक्य: 'आज या तळ्याचा कोणीही वापर करीत नाही, एक निरुपयोगी, विस्मृत खड्डा एवढेच त्याचे रूप उरले आहे.' 'विस्मृत' हा शब्द लिहिताना मला स्वतःलाच गहिवरून आलं.

सरितानं वाचलं. म्हणाली, सर, रोज सकाळी दीडशे बाया येतात तिथं. तुम्ही काहून असं लिहून राहिले?

तिला अहवालशास्त्र समजावलं. जागा जेवढी वाईट दाखवू, तेवढं आपलं काम मोठं दिसतं. तळं आधीच चांगलं असेल तर मग आपण वाचवलं काय? ती म्हणाली, तळं. हिच्यावर चिडायचं नाही असा संकल्प आहे, म्हणून मी खिडकीकडे पाहिलं.

२८ एप्रिल

अहवालाच्या चव्वेचाळीस प्रती काढल्या. कलेक्टर, तहसील, पंचायत, सगळी खाती, सगळी वर्तमानपत्रं. प्रत्येक ठिकाणी पोचपावतीवर शिक्का मारून घेतला. एका ठिकाणी बाबू शिक्का मारायला तयार नव्हता, तर त्याच्या टेबलासमोर पाऊण तास उभा राहिलो. काम कसं करतात ते तरुण पिढीनं पाहावं.

११ मे

झोपेतून उठताना कल्पना सुचली. तो खांब!

फोटो मोठा करून पाहिला. साल वृक्षाचं लाकूड, वर कळस कोरलेला, खाली नाग. बुडाला कूज. हा वारसा गावकऱ्यांच्या अज्ञानापायी चिखलात सडतोय. तो काढून ऑफिसात सुरक्षित ठेवायचा. वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ तिथंच ठरलं.

सरिताला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, सर, तो साधा खांब नाही. इकडे तळं खोदलं की त्याचं लग्न लावतात. मांडव, हळद, वरात, सगळं. तो खांब लग्नाचा. लग्न न लागलेल्या तळ्याचं पाणी पूजेले चालत नाही, दहाव्याले चालत नाही. त्याले हात लावायचा नसते. मी विचारलं, तुला कसं माहीत, तुमच्याकडे तर हे असलं काही नसतं. म्हणाली, आमच्याकडे नाही, पण बीरगांवले आजूबाजूचे सगळे इकडचेच आहेत, मी ऐकत मोठी झाली.

म्हटलं, सुंदर लोककथा आहे. तीनशे शब्दांत लिही, चौकटीत टाकू.

१४ मे

सगळं रीतसर केलं पाहिजे. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश टाकला: 'धोक्यातील वारसावस्तू सुरक्षित ताब्यात घेण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास कळवावे.' तीन दिवस वाट पाहणार.

१७ मे

हरकत नाही. उलट एक अंगठा आला. (सरिता म्हणते तो अंगठा माझ्या संदेशाला नव्हता, वरच्या हरवलेल्या बकरीच्या संदेशाला होता, बकरी सापडली. ही पोरगी प्रत्येक गोष्टीत वाईट बघते.)

२० मे

मोहीम फत्ते. सरिताला दस्तऐवजीकरणाच्या ट्रेनिंगला बिलासपूरला पाठवलं होतं. सेमरापाऱ्यातलं निम्मं गाव ट्रकात बसून कुठल्या तरी लग्नाला गेलेलं. यापेक्षा चांगला दिवस मिळाला नसता. ट्रॅक्टर, साखळी, दोन माणसं. खांब काढताना मधोमध मोडला. त्यामुळे पिकअपमध्ये छान बसला.

शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात वॉटर कूलरशेजारी दोन तुकडे उभे केले. लेबल लावलं: 'तलावस्तंभ. काळ: जुना.'

२१ मे

सरिता बिलासपूरहून परत आली. दारातून खांब पाहिला. कूलरचं पाणी न पिताच बाहेर निघून गेली. भारावली असणार.

२२ मे

रमा आणि आणखी अकरा बाया 'छोटा हाथी' टेम्पोत बसून ऑफिसात आल्या. मी सत्काराच्या अंदाजानं बारा चहा सांगितले.

रमा थेट खांबाजवळ गेली. खाली बसली. तुटलेल्या जागेवरून हात फिरवला. मग तिनं शांतपणे विचारलं, साहेब, आमच्या तळ्याला तुम्ही विधवा काहून केलं?

मी वस्तुसंवर्धनाची तत्त्वं समजावली. वाळवी, आर्द्रता, जागतिक निकष. तिनं सगळं ऐकलं. सगळं झाल्यावर विचारलं, झालं का? म्हटलं, झालं. मग म्हणाली की मोडका खांब परत लावता येत नाही. नवं लाकूड बघावं लागेल, नवं लग्न लावावं लागेल. आता लग्नाच्या तिथी संपत आल्या, मग पाऊस. दिवाळीनंतर जेठौनी, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, झाल्यावरच. तोपर्यंत तळ्यात आंघोळ करता येईल, पण देवाचं आणि मेलेल्यांचं काही करता येणार नाही.

चहा कोणी प्यायला नाही. बारा कप मी आणि प्रफुल्ल, आमचा कॉम्प्युटरवाला, दोघांनी संपवले.

२३ मे

अच्युतरावांचा फोन. म्हणाले, जयंत, मी तुला एक जागा वाचवायला सांगितली होती. मी म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. ते म्हणाले, थांबव.

१२ जून

पटवारी भार्गव मोजणीला येऊन गेले. सरिता तिथं होती, तिनं सांगितलं ते असं.

जुन्या नकाशात तळ्याच्या मधोमध खांबाची खूण आहे. शब्द वाळवीनं खाल्ला तरी नकाशा शिल्लक आहे. खूण आणि खांब जुळला की जागा तलाव, असं आजवर गाव दाखवत आलं. पटवारी नकाशा घेऊन उभे राहिले, खांब नव्हता. पाणीही यंदा काठाला उरलेलं. आणि ट्रान्सपोर्टवाल्यानं अर्जाला एक कागद जोडला होता: भूमी-वारसा न्यासाचा अहवाल, शिक्क्यासकट. 'कोणीही वापर करीत नाही. निरुपयोगी खड्डा.' पटवारी म्हणाले, तुमचीच संस्था असं म्हणून राहिली, तर मी काय लिहू? लिहिलं: पडीत.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं. अहवाल शेवटपर्यंत वाचणारा माणूस नऊ वर्षांत प्रथमच भेटला.

१३ जून

दोष कोणाचा, याचा शांतपणे विचार केला. पटवारी (संदर्भ सोडून वाक्य घेतलं). ट्रान्सपोर्टवाला (परवानगी न घेता अहवाल वापरला). सरिता (मला अडवलं, पण पुरेसं नाही). वाळवी.

२ जुलै

वृक्षारोपण. दोनशे रोपं. फोटो छान आले.

७ जुलै

बकऱ्यांचे फोटोही छान आले.

१९ जुलै

सरितानं गावातर्फे हरकतीचा अर्ज केला. रमाचा अंगठा नाही, सही आहे. सरितानं शिकवली म्हणे. सुनावणी ऑक्टोबरात. तोवर ट्रान्सपोर्टवाल्याला मुरूम टाकता येणार नाही. अर्ज माझ्याकडून तपासून घ्यायला हवा होता. दीड पानाचाच आहे, आणि त्यात एकही विशेषण नाही.

१४ ऑगस्ट

रमाचे सासरे वारले. आज दहावा होता. आपल्या तळ्यावर करता येत नाही म्हणून घरचे सगळे शेजारच्या गावच्या तळ्यावर गेले. तिथल्या लोकांनी आधी आपलं उरकलं, मग यांना घाट दिला. दुपारचे दोन वाजले. म्हाताऱ्यानं त्या जुन्ना तरियाचा गाळ तरुणपणी डोक्यावर वाहिला होता, हे सरितानं माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. आवाज चढवला नाही.

मला वाईट वाटलं. लेटरहेडवर शोकसंदेश लिहून पाठवला. लोगो जरा मोठा झालाय, पुढच्या वेळी कमी करायला सांगितलं पाहिजे.

६ सप्टेंबर, सकाळी ६.१०

सरिता स्कूटीवर मागं बसवून सेमरापाऱ्याला घेऊन गेली. हा माझा निर्णय होता. तिनं फक्त काल तीनदा फोन केला.

बाया, पोरी, म्हातारे, म्हशी. एका कडेला कपडे, दुसऱ्या कडेला भांडी, पलीकडे पोहणारी पोरं. मी मोजायला सुरुवात केली, चौऱ्याऐंशीला थांबलो, कारण लोक येत-जात होते आणि काहीजण माझ्याकडे बघत होते. काठावर उभं राहून असं वाटलं की आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

परत येताना सरिताला म्हटलं की परिस्थिती एप्रिलनंतर झपाट्यानं बदललेली दिसते. तिनं स्कूटी एका खड्ड्यातून घातली. मुद्दाम नसावं.

९ ऑक्टोबर

सुनावणी. नवा कुर्ता घातला. भाषण पाठ केलं होतं: सुरुवात सिंधू संस्कृतीपासून.

तहसीलमधल्या साहेबांनी अहवाल हातात धरून विचारलं, हा कोणी लिहिला? मी उभा राहिलो. अभिमानानं, हे मान्य. त्यांनी विचारलं, यातलं खरं आहे का? म्हटलं, अहवालाकडे त्या वेळच्या परिप्रेक्ष्यात पाहावं लागेल. ते म्हणाले, हो की नाही? म्हटलं, व्यापक अर्थानं… ते म्हणाले, साहेब, गाव म्हणतंय तळं वापरात आहे. तुमचा कागद म्हणतोय नाही. कागदावर शिक्के आहेत. तो खोटा असेल तर तसं शपथेवर लिहून द्या. नसेल तर मी पडीत कायम करतो.

मी मुदत मागितली. डिसेंबर मिळाला. बाहेर व्हरांड्यात रमा उभी होती. तिनं फक्त विचारलं, लिहून देणार ना? हव म्हणालो.

११ ऑक्टोबर

सरितानं शपथपत्राचा मसुदा आणून ठेवला. तीन वाक्यं. 'मी ही जागा एकदाच, दुपारी एक वाजता, गाडीतून अकरा मिनिटे पाहिली. तळे कोणी वापरते का, हे मी कोणालाही विचारले नाही. खांब मी गावाला न विचारता काढला.'

अत्यंत अपुरा मसुदा. पार्श्वभूमी नाही, योगदान नाही. मी स्वतः लिहिणार.

२ नोव्हेंबर

माझा मसुदा चार पानं झाला. शीर्षक: 'एका भूमिकेची उत्क्रांती'. यामिनीनं दोन्ही वाचले. नवा रायपूरच्या ऑफिसात तिच्या हाताखालून दिवसाला पन्नास फायली जातात, त्यामुळे कागदाबद्दल तिला वाटतं की आपल्याला कळतं. सरिताचा मसुदा पुढं करून म्हणाली, अहो, यातलं खोटं वाक्य कोणतं ते सांगा. म्हटलं, खोटं कुठलंच नाही, पण टोन बघ. ती भाजी निवडायला गेली. पायल मोबाइलमधून मान वर न करता हिंदीत म्हणाली की पापा, साइन कर दो ना, यार. मुलीला मराठी शाळेत घालायला हवं होतं.

२७ नोव्हेंबर

तळ्याचं लग्न. पत्रिका छापली होती! वर: खांब. वधू: जुन्ना तरिया. विनीत: समस्त ग्रामवासी. मला पत्रिका मिळाली, पण नाव प्रमुख पाहुण्यांत नव्हतं. प्रमुख पाहुणेच नव्हते. ढिसाळ आयोजन.

नवा खांब सरिताच्या वडिलांनी, लहानूजींनी, रंधा मारून तयार केला आणि गावच्या सुतारानं कोरला. लहानूजींना म्हटलं, तुम्ही तर हे मानत नाही. म्हणाले, मी हळद लावत नाही, साहेब. पण लाकूड सरळ पाहिजे, हे मी मानतो. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, तुमच्या ऑफिसातल्या दोन तुकड्यांचं काय करून राहिले? म्हटलं, प्रदर्शन. ते हसले नाहीत.

मांडव, बाजा, हळद. बायांनी गाणी म्हणत खांबाला तेल चढवलं. केवटांनी, म्हणजे तिथल्या नावाड्यांनी, खांब डोंग्यावर आडवा बांधून नेला, पाण्यात उतरले, बुड्या मारल्या, वर आले, पुन्हा बुडाले. खांब हळूहळू उभा झाला तेव्हा काठावरचे चारशे लोक ओरडले. मीही ओरडलो. कारण नव्हतं, पण ओरडलो.

माईकवर दोन शब्द बोलायची तयारी होती. माईक वाजंत्रीवाल्याकडे होता, त्यानं दिला नाही. जेवणाची पंगत मोठी होती. रमानं मला बसायला सांगितलं, वाढलं, भात पुन्हा आणला. एक शब्द लागेल असा बोलली नाही.

८ डिसेंबर

उद्या सुनावणी. चार पानी मसुदा अच्युतरावांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग म्हणाले, जयंत, मी नोकरीत असताना एक कालवा चुकीच्या पातळीवर खोदून ठेवला होता. कोणाला सांगितलं नाही. त्या कालव्यात कधी पाणी आलं नाही. अजून तो तसाच आहे, मी त्या रस्त्यानं जात नाही.

मी विचारलं, मसुदा कसा वाटला? ते म्हणाले, लांब.

९ डिसेंबर

सरिताच्या मसुद्यावर सही केली.

साहेबांनी मोठ्यानं वाचायला लावलं. तिसऱ्या वाक्याला आवाज बारीक झाला. घसा बसलाय, हवा बदलतेय. ट्रान्सपोर्टवाल्याचा वकील म्हणाला की मग या संस्थेच्या बाकी अहवालांचं काय? साहेब म्हणाले, ते आज माझ्यासमोर नाहीत. माझ्यासमोर नऊ वर्षांचे सगळे उभे होते.

४ फेब्रुवारी

भार्गव पटवारी पुन्हा जाऊन आले. नकाशातली खूण आणि खांब जुळला. निकाल राखून ठेवलाय.

१८ मार्च

निकाल! नोंद: तलाव. पूर्ण सात एकर.

म्हणजे ठरावाप्रमाणे मार्चच्या आत एक जागा सरकारी कागदावर वाचली. माझ्या कारकिर्दीत. माझ्या सहीनं, हेही लक्षात घेतलं पाहिजे. मुखपृष्ठासाठी फोटोग्राफर सांगितला.

२८ मार्च

वार्षिक सभा. मी उभा राहून म्हटलं की उद्दिष्ट पूर्ण. अच्युतराव म्हणाले, अभिनंदन, निकाल वाच. मी पहिली ओळ वाचली. ते म्हणाले, पुढची पण वाच. पुढे असं आहे: 'संस्थेच्या संचालकांनीच शपथेवर मान्य केल्यानुसार सदर अहवाल जागा नीट न पाहता, कोणाला न विचारता लिहिलेला असल्याने विचारात घेतला जात नाही.'

सरितानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

फील्ड सरिताकडे. एकमतानं. मतदानात माझंही मत होतं. हात का वर गेला ते कळलं नाही.

३१ मार्च

नव्या व्यवस्थेत माझं पहिलं काम: निकालाची प्रत सेमरापाऱ्याला पोचवणं. सरिता म्हणाली, सर, फक्त देऊन येऊ नका, वाचून दाखवा. लोकांनी वर्षभर वाट पाह्यली.

सकाळी सातला पोचलो. घाटावर गर्दी होती. रमानं सगळ्यांना बोलावलं. मी 'तलाव' ही ओळ वाचून दाखवली आणि कागद घडी करायला घेतला. रमा म्हणाली, साहेब, कागद दोन पानांचा आहे. सगळा वाचा.

सगळा वाचला. शपथेवर मान्य केलं, नीट पाहिलं नाही, विचारलं नाही, सगळं. मागच्या बायांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा वाचलं. मग पाण्यातल्या बाया ओल्या लुगड्यानं वर आल्या, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. कोणी हसलं असतं तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. कोणी हसलं नाही. मला लाज वाटली. या वहीत हा शब्द मी आजवर लिहिलेला नाही.

पुढं एक म्हातारी बसली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं विचारलं, हा जो साहेब आहे कागदातला, त्यानं स्वतःच सांगून टाकलं का? म्हटलं, हव. ती म्हणाली, मोठ्या माणसाला जड गेलं असेल. नोकरी तर नाही ना गेली त्याची? म्हटलं, आहे, थोडी. ती म्हणाली, भेटला तर सांगशील, राग नाही म्हणावं आमचा. एकदा येऊन आमच्या तळ्यात आंघोळ करून जा म्हणावं.

रमा माझ्याकडे पाहत होती. तो मीच, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग मिटलं.

भेटला तर सांगतो, म्हणालो.